वंगणाची कुळकथा

मोटार घेणारा मनुष्य तिचा रंग, तिची बैठक आणि तिचा वेग यांविषयी पुष्कळ चौकशी करतो. परंतु तिच्या पोटात जे तीन-चार लिटर तेल अखंड फिरत असते, त्याविषयी त्याला प्रथम प्रश्न पडतो तो गॅरेजच्या दारात. मिस्त्री विचारतो, "साहेब, मिनरल घालू की सिंथेटिक?" दुसऱ्याची किंमत पहिल्याच्या दुपटीच्या घरात असते. स्वस्त तेल घालावे, तर इंजिनाचे आयुष्य आपण आपल्याच हाताने कमी करीत आहोत की काय, अशी धास्ती वाटते. महाग घालावे, तर डब्यावरील एका शब्दापायी खिसा रिकामा केला, अशी रुखरुख लागते. हा शब्द आला कोठून आणि वाटेत त्याने कोणकोणते अर्थ धारण केले, हे पाहिले म्हणजे निवड पुष्कळशी सोपी होते. म्हणून आज वंगणाची ही कुळकथा.

'वंगण' हा शब्द आपल्याकडे मोटारीच्या कितीतरी आधीपासून आहे. बैलगाडीच्या आसाला एरंडेल लावणाऱ्या शेतकऱ्याला घर्षणाचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण कोरडा आस चाक खातो आणि बैलाला थकवितो, हे तो पक्के जाणून होता. रटाळ भाषणाला आपण 'एरंडाचे गुऱ्हाळ' म्हणतो. कारण एरंडाच्या कांडातून रस निघत नाही. पण त्याच्या बियांतून जे तेल निघाले, त्याने पुढे विमाने उडविली. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांची इंजिने चक्राकार फिरणारी असत, आणि पेट्रोलची वाफ त्यांच्या पोटातूनच जात असे. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळून जाई. एरंडेल मात्र सहजी विरघळत नसल्यामुळे टिकून राही. चार्ल्स वेकफील्ड यांनी १८९९ साली लंडनमध्ये काढलेल्या कंपनीच्या 'कॅस्ट्रॉल' या तेलाचे नावही एरंडाच्या 'कॅस्टर' या इंग्रजी नावावरूनच पडले. तथापि एरंडेलात एक मोठा दोष होता. उष्णतेने त्याची राळ होई, आणि ती इंजिनाच्या भागांवर चिकटून बसे. मोटारीसारख्या नित्य वापराच्या वाहनाला हे परवडणारे नव्हते.

ती जागा खनिज तेलाने घेतली. १८५९ साली एडविन ड्रेक यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांतात टायटसव्हिल येथे तेलाची विहीर खोदली. त्यानंतर सातच वर्षांनी, १८६६ मध्ये, जॉन एलिस नावाच्या एका वैद्याने या काळ्या तेलापासून वाफेच्या इंजिनांसाठी वंगण बनविण्याचा उद्योग सुरू केला. तोवर अशा इंजिनांना जनावरांची चरबी घालण्याची रूढी होती. आपल्या देशात आसामातील दिग्बोई येथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तेल लागले आणि १९०१ साली तेथे शुद्धीकरणाचा कारखाना उभा राहिला.

खनिज तेलाचा स्वभाव समजण्यासाठी आसामचेच उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथील तेलात मेण पुष्कळ. दिग्बोईचे मेण तर प्रसिद्धच आहे. १९६० नंतरच्या दशकात नहरकटियाचे तेल नळाने बिहारमधील बरौनीपर्यंत नेण्याची योजना झाली, तेव्हा ते वाटेत थिजू नये म्हणून त्याच्यावर आधी खास प्रक्रिया करावी लागे. इंजिनातही हेच घडते. भूगर्भातून आलेले तेल म्हणजे लहान-मोठ्या, सरळ-वाकड्या हजारो प्रकारच्या रेणूंची जत्राच होय. त्यांतले काही थंडीत थिजतात, काही उष्णतेत उडून जातात, काही जळून काजळी धरतात. शुद्धीकरण करणारा या जत्रेतून नको असलेली मंडळी शक्य तितकी बाहेर काढतो. पण सर्वांना बाहेर काढणे त्याला साधत नाही. यावर काही रसायनशास्त्रज्ञांनी निराळा विचार केला. निवडत बसण्यापेक्षा हवे तेच रेणू घडविले तर?

हा विचार नवा नव्हता. शार्ल फ्रीडेल आणि जेम्स क्राफ्ट्स यांनी १८७७ सालीच प्रयोगशाळेत असे हायड्रोकार्बन बनविण्याची वाट दाखविली होती. १९२९ मध्ये अमेरिकेतील एका मोठ्या तेलकंपनीने असे तेल बाजारात आणण्याचा यत्नही केला. परंतु जमिनीतून मुबलक व स्वस्त तेल निघत असताना घडविलेले तेल घेणार कोण? शोधाला गिऱ्हाईक मिळाले ते युद्धामुळे. जर्मनीच्या भूमीत कोळसा भरपूर, तेल मात्र थोडे. तेव्हा तेथील शास्त्रज्ञ कोळशापासून इंधन आणि वंगण बनविण्याच्या मागे लागले. लॉयना येथे हेरमान झोर्न यांनी या कामी मोठे संशोधन केले. १९४१ च्या हिवाळ्यात मॉस्कोसमोर जर्मन वाहनांच्या इंजिनांतील तेल घट्ट झाले आणि वाहने जागच्या जागी उभी राहिली. थंडीतही वाहणाऱ्या तेलाची किंमत काय असते, ते त्या हिवाळ्याने जगाला शिकविले.

युद्धानंतर जेट विमाने आली. वर आकाशात कडाक्याची थंडी आणि इंजिनाच्या आत प्रखर उष्णता, अशा दुहेरी छळात खनिज तेल टिकेना. त्यासाठी जी नवी संश्लेषित तेले घडविली गेली, त्यांतील एक महत्त्वाचा वर्ग सेबॅसिक आम्लापासून बनत असे. आणि हे आम्ल मिळते एरंडेलापासून! इंजिनातून हद्दपार झालेला एरंड असा रूप पालटून पुन्हा विमानात जाऊन बसला. निसर्गाचे ते अस्सल आणि माणसाने केलेले ते कृत्रिम, अशी सरळ रेघ वंगणाच्या बाबतीत मारता येत नाही, हे एवढ्या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

विमानातील ही विद्या रस्त्यावर आणण्यात अल्बर्ट अमातुझिओ यांचा वाटा मोठा आहे. ते स्वतः जेट विमानांच्या पथकाचे प्रमुख होते. १९७२ साली त्यांनी मोटारीसाठी संश्लेषित तेल विक्रीस आणले आणि ते पंचवीस हजार मैल बदलावे लागत नाही असा दावा केला. पुढल्याच वर्षी, १९७३ मध्ये, अरब राष्ट्रांच्या निर्बंधांमुळे तेलाचे भाव भडकले. इंधनाचा प्रत्येक थेंब वाचविण्याची गरज सर्वांनाच पटली आणि १९७४ साली 'मोबिल वन' हे तेल बाजारात आले. या तेलांतील मूळ द्रव एकसारख्या रेणूंचा, मेण नसलेला, उणे पन्नास अंशांखालीही वाहणारा असे. डब्यावरील 'सिंथेटिक' या शब्दाला तेव्हा एक निश्चित अर्थ होता.

तो अर्थ पालटला १९९९ साली, आणि तोही प्रयोगशाळेत नव्हे. दरम्यानच्या काळात शुद्धीकरणाचे तंत्र फार पुढे गेले होते. प्रचंड दाबाखाली हायड्रोजन सोडून खनिज तेलाचे रेणू तोडता व पुन्हा जुळविता येऊ लागले. अशा तेलाला कॅस्ट्रॉलने 'सिंथेटिक' म्हटले. मोबिलने त्यावर अमेरिकेतील जाहिरातींची शहानिशा करणाऱ्या मंडळाकडे तक्रार केली. मंडळाने निर्णय दिला की, रेणूंत एवढे स्थित्यंतर घडत असेल तर हा शब्द वापरण्यास वाजवी आधार आहे. तेव्हापासून अमेरिकेत आणि पाहता पाहता बहुतेक जगात 'सिंथेटिक' हे नाव दोन भिन्न कुळांतील तेलांना लागू लागले. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या वर्गवारीत हायड्रोजनाने संस्कारलेले तेल तिसऱ्या वर्गात, म्हणजे खनिज तेलांच्याच पंक्तीत, बसते. मुळापासून घडविलेले पॉलिअल्फाओलेफिन चौथ्या वर्गात बसते. बाजारात मात्र दोघांची पाटी एकच!

सरकारी नोकरीत निविदा वाचण्याचा प्रसंग ज्याला वारंवार येतो, त्याला या प्रकरणाचे मर्म चटकन कळते. निविदेत 'उत्तम प्रतीचे' एवढेच लिहिले, तर काय पुरविले जाईल हे पुरवठादार ठरवितो. मोजता येणारे गुण लिहिले, तर ते खरेदीदार ठरवितो. तेलाच्या डब्यावर असे मोजता येणारे गुण छापलेले असतात. आपण ते वाचीत नाही एवढेच. '२०डब्ल्यू-४०' यातील 'डब्ल्यू' म्हणजे हिवाळा. त्यामागील आकडा जितका लहान, तितके तेल थंडीत लवकर धावते. पुढचा आकडा इंजिन तापल्यावरचा दाटपणा सांगतो. त्याखेरीज त्या तेलाने कोणत्या कसोट्या पार केल्या, त्यांची अक्षरे असतात. ही अक्षरे आणि हे आकडे आपल्या गाडीच्या पुस्तिकेशी ताडून पाहणे, हीच खरी निवड.

संश्लेषित तेलाचे गुण खोटे आहेत, असा याचा अर्थ नव्हे. अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने २०१७ साली केलेल्या चाचण्यांत ते पारंपरिक तेलापेक्षा सरासरी ४७ टक्के सरस ठरले. लेह किंवा द्रासच्या हिवाळ्यात पहाटे चालू होणारे इंजिन, टर्बोचार्जर बसविलेली मोटार, तास न् तास गर्दीत तापत उभी राहणारी गाडी, यांना त्याचा लाभ निश्चित होतो. २०२० सालापासून भारत स्टेज सहा हे प्रदूषणाचे कडक नियम लागू झाले. अलीकडच्या अनेक गाड्यांना '०डब्ल्यू-२०' किंवा त्याहूनही पातळ तेल लागते, आणि अशी तेले जवळजवळ सर्व संश्लेषितच असतात. तेथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. याउलट अॅम्बॅसडर किंवा पद्मिनी यांसारखी जुनी मोटार कोणी आवडीने सांभाळीत असेल, तर तिचे इंजिन ज्या दाट खनिज तेलाच्या भरवशावर रचले गेले, ते तेल वेळेवर बदलीत राहणे तिला पुरेसे आहे. महाग तेल घालून ते दुप्पट काळ चालविण्यापेक्षा साधे तेल नेमाने बदलणे अशा इंजिनाला अधिक मानवते. तेल कोणतेही असो, धूळ, काजळी आणि ओल त्यात साचतच राहतात.

बैलगाडीचा आस कुरकुरू लागला की शेतकरी खाली उतरून वंगण लावीत असे. मोटारीचे इंजिन तशी तक्रार वेळेवर करीत नाही. त्याची कुरकुर ऐकू येते तेव्हा बहुधा नुकसान होऊन चुकलेले असते. म्हणून मिस्त्रीने पुन्हा तोच प्रश्न विचारला, तर "मिनरल" किंवा "सिंथेटिक" असे एका शब्दात उत्तर देऊ नये. पुस्तिका उघडावी, तीत छापलेला आकडा त्याला दाखवावा आणि डब्यावर तोच आकडा आहे की नाही, हे आपल्या डोळ्यांनी पाहावे.