कोबा वाळेपर्यंत

कोबा म्हणजे चुन्याचा किंवा सिमेंटचा थर जमिनीवर अथवा गच्चीवर घालून, चोपून केलेला सलग पृष्ठभाग. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या बहुतेक घरांत तो शिरण्याआधी ‘जमीन करणे’ हे काम मातीचेच होते. मुरूम पसरायचा, त्यावर पांढरी माती टाकायची, पाणी शिंपडून चोपण्याने बडवायची, ओल ओसरू लागली की पुन्हा बडवायची आणि शेवटी शेणाने सारवायचे. पहिल्या वाळणीत भेगा पडत. त्या पडू द्यायच्या आणि मग बुजवायच्या, ही त्या कामाची रीतच होती. ज्वारीचे खळेही याच पद्धतीने तयार होई. अशी जमीन कायमची कधीच होत नसे. उखणली की लिंपायची, सणावाराला सारवायची.

चुन्याचे गणित वेगळे होते. १४९०मध्ये निजामशाही स्वतंत्र झाली, पुढे भिंगारजवळ नगर (आजचे अहिल्यानगर) वसले आणि मशिदी, महाल, हमामखाने, पाण्याचे नळ यांसाठी चुना मोठ्या प्रमाणावर लागू लागला. १५८३मध्ये पूर्ण झालेला फराहबागचा महाल दगड-चुन्याच्या या बांधकामाचा ठळक नमुना आहे. दख्खनच्या जमिनीत सापडणारी चुनखडी भट्टीत भाजली जाई. हा लोणारी समाजाचा परंपरागत धंदा. भाजलेली कळी पाण्यात विरवून वाळूसह बैलाच्या घाणीत मळत. त्यात विटेची सुरखी घालत, गुळाचे आणि हिरड्याचे पाणीही घालत.

चुना केवळ वाळून घट्ट होत नाही. हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषत तो सावकाश, वरून आत, पुन्हा दगड बनत जातो. म्हणूनच चुन्याचा कोबा घातल्यावर हात बांधून बसायचे नसे. ओळीने बसलेल्या बायका लाकडी थाप्यांनी तो दिवसचे दिवस चोपत. चोपल्याने आतले पाणी वर येई, पोकळ्या दाबल्या जात, भेगा मिटत. हे चोपणे हेच वाट पाहणे होते आणि त्याची मजुरीही द्यावी लागे.

आज कोब्यावर लाकडी फळ्या बसवतात; जुन्या वाड्यांत मात्र लाकूड कोब्याच्या वर नव्हे, तर खाली असे. मजल्याच्या तुळयांवर फळ्या, फळ्यांवर माती आणि तिच्यावर चुन्याचा थर. त्यामुळे ओल्या थराचे पाणी खालच्या लाकडात उतरण्याची भीती असे. भिंतीत गेलेले तुळईचे टोक ओल धरून राहिले, तर तेथेच कूज आणि वाळवी सुरू होई.

विसाव्या शतकात सिमेंट आले आणि वाट पाहण्याची रीत उलटी झाली. सिमेंट पाण्याशी रासायनिक क्रिया होऊन कठीण होते. त्यामुळे ते वाळू न देणे हे पहिले काम. साध्या सिमेंटला किमान सात दिवस पाणी मारावे लागते, कोरड्या-उष्ण हवेत दहा. नगरच्या कडक उन्हाळ्यात वरचा थर भराभर सुकतो, आकसतो आणि त्यावर भेगांचे जाळे उमटते. दिसायला कोबा कोरडा, आत मात्र ओला, हीच त्याची फसवणूक.

शहाबादी फरशीला किंवा टाइलला ही आतली ओल फारशी बाधत नाही. लाकडाला बाधते. ते ओल पिऊन आडवे फुगते, कडा उचलतात, पुढे सुकल्यावर सांधे उघडे पडतात. सिमेंट कालवताना घातलेल्या पाण्यापैकी एक भागच रासायनिक क्रियेत बांधला जातो; उरलेले बाहेर पडायला हवे. हवा खेळती असेल तर पहिल्या ५० मिलिमीटर जाडीपर्यंत रोज एक मिलिमीटर, असा ढोबळ हिशेब धरतात. थर त्याहून जाड असला की वेग घटतो. पाणी मारण्याचे दिवस यात धरायचे नाहीत. ब्रिटिश मानकानुसार लाकूड बसवण्याआधी कोब्यावर बंदिस्त केलेल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर नसावी. यंत्र नसल्यास प्लास्टिकचा तुकडा चारही कडांनी चिकटवून रात्रभर ठेवतात. सकाळी खाली थेंब दिसले, तर ओल उरली आहे.

पावसाळ्यात, विशेषतः अकोले तालुक्याच्या घाटमाथ्यावर, हा हिशेब चालत नाही. नगरकडे दिवाळीनंतर घातलेल्या ५० मिलिमीटरच्या कोब्यावर लाकूड टाकायला संक्रांत उजाडते.