तारीख कुणाच्या हातात?

८ डिसेंबर २०२० ला सेंटओएस वापरणाऱ्यांना कळलं, की ज्या आवृत्ती ८ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार होते, ती ३१ डिसेंबर २०२१ लाच बंद होणार. रेड हॅटची फुकट जुळी बहीण म्हणून सेंटओएस जगभरच्या सर्व्हरवर बसलं होतं. २०१४ मध्ये रेड हॅटनेच ते आपल्या पंखाखाली घेतलं, २०१९ मध्ये आयबीएमने ३४ अब्ज डॉलर मोजून रेड हॅट घेतली. कायदा कुठेच मोडला नाही. कोड खुलाच होता. तारीख मात्र मालकाच्या हातात होती.

म्हणून मी डेबियन घेतलं. १९९३ मध्ये इयान मरडॉक या विद्यार्थ्याने ते सुरू केलं. नावात त्याची मैत्रीण डेब्रा आणि तो स्वतः. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी जरा जास्तच रोमँटिक! १९९७ मध्ये सामाजिक करार आला, पुढच्या वर्षी घटना. प्रमुख दरवर्षी मतदानाने ठरतो. कंपन्यांचे पगारी लोक इथेही आहेत, पैसाही येतो, पण मत माणसाला असतं, कंपनीला नाही. भांडणं तर जोरात होतात. २०१४ मध्ये सिस्टिमडीवरून नाराज झालेली मंडळी फुटली आणि त्यांनी डेव्हुअन काढलं. मला ते चालतं. त्या भांडणातले मेल आणि मतमोजणी आजही कुणालाही वाचता येते.