२७ गावं आली, गेली, परत आली. सॉफ्टवेअरचं काय?

आपण कल्याण-डोंबिवलीकर खड्ड्यांवर तावातावाने बोलतो, पालिकेच्या सॉफ्टवेअरवर कुणीच नाही. पण त्यालाही इतिहास आहे, आणि तो अभिमान वाटावा असा आहे.

आपली महापालिका १९८३ ची. राज्यातल्या बहुतेक पालिका जाडजूड रजिस्टरं चाळत होत्या, तेव्हा म्हणजे २००० च्या आसपास इथे घरपट्टी, पाणीपट्टी, जन्म-मृत्यूचे दाखले संगणकावर आले. नागरी सुविधा केंद्र सुरू झालं. पुढे हाच नमुना इतर शहरांत न्यायचं राज्य सरकारने ठरवलं.

खरी परीक्षा त्यानंतरची. २०१५ मध्ये २७ गावं पालिकेत आली. जून २०२० मध्ये त्यातली १८ वगळली. डिसेंबरमध्ये हायकोर्टाने तो निर्णय रद्द केला. मधे २०१७ च्या जीएसटीने उरलासुरला एलबीटीही संपवला. सॉफ्टवेअर पाइपासारखं गंजत नाही. बाहेरचं जग बदलतं, म्हणून ते जुनं होतं.

मग काय, सगळं फेकून नवं टेंडर? दुसरी वाट आहे. १९६० च्या दशकात नॉर्वेत डाल आणि न्यूगार्ड यांनी सिम्युला ही भाषा घडवली. त्यात माहिती आणि तिच्यावर चालणारी कामं एकाच डब्यात, म्हणजे 'ऑब्जेक्ट'मध्ये आली. डब्याच्या आत बाहेरच्याने हात घालू नये, हा विचार डेव्हिड पार्नस यांनी १९७२ मध्ये नेमका मांडला.

समजा, प्रत्येक 'मालमत्ते'ला एक 'करनियम' जोडलाय. बिल छापणारा भाग फक्त विचारतो, 'तुझा कर किती?' गाव आत आलं, बाहेर गेलं, की तेवढा नियम बदलायचा. बिल, पावती, थकबाकी यांचा कोड जागचा हलत नाही. तेच दर पन्नास ठिकाणी लिहिले असतील, तर एकोणपन्नास दुरुस्त होतात, एक राहतो, आणि चुकीचं बिल घेऊन रांगेत उभे राहता तुम्ही!

जुना कोडही हळूहळू असा करता येतो. आधी आजची बिलं बरोबर येतात का ते तपासणाऱ्या चाचण्या लिहायच्या, मग एकेक तुकडा डब्यात घालायचा. याला रिफॅक्टरिंग म्हणतात. मार्टिन फाउलर यांच्या १९९९ च्या पुस्तकाने हा शब्द सर्वांच्या तोंडी आला.

तेव्हा पुढच्या वेळी 'नवी प्रणाली' जाहीर झाली, की तीन प्रश्न विचारा. कोड कुणाच्या मालकीचा? चाचण्या आहेत का? एक करनियम बदलायला किती दिवस लागतील?

पैसा आपलाच आहे, मंडळी.