ओम यांचा नियम : एका शाळाशिक्षकाची देणगी



एका शिक्षकाच्या स्मृतीस वाहिलेल्या या व्याख्यानासाठी मी विषयही एका शिक्षकाचाच निवडला आहे. विभवांतर भागिले विद्युत्‌प्रवाह बरोबर रोध, हे सूत्र आपण सर्वांनी शाळेत पाठ केले. ते विद्यापीठात नव्हे, तर जर्मनीतील कोलोन येथील एका शाळेच्या प्रयोगशाळेत सिद्ध झाले, हे मात्र आपल्याला क्वचितच सांगितले जाते.

गेओर्ग सिमोन ओम यांचा जन्म १७८९ मध्ये एर्लांगेन येथे झाला. वडील कुलुपे बनविणारे कारागीर. पण स्वतः शिकून त्यांनी मुलांना गणित शिकविले. १८१७ मध्ये ओम कोलोनच्या शाळेत गणित व पदार्थविज्ञान शिकवू लागले. तेथील उपकरणांच्या साहाय्याने त्यांनी विजेचे प्रयोग आरंभिले.

व्होल्टा यांच्या १८०० मधील शोधामुळे विजेचा अखंड प्रवाह मिळू लागला होता. परंतु त्यांच्या घटमालेतून प्रवाह घेऊ लागताच तिचा जोर ओसरे. उगमच अस्थिर असेल तर तारेचा परिणाम मोजावा कसा? १८२५ मध्ये ओम यांनी अशा मोजमापांवरून मांडलेले सूत्र बरोबर नव्हते. तेव्हा संपादक पोगेनडॉर्फ यांनी त्यांना झेबेक यांच्या १८२१ मधील शोधाचा उपयोग करण्यास सुचविले. दोन धातूंच्या सांध्यांत तापमानाचा फरक ठेवला, की परिपथात प्रवाह वाहतो. ओम यांनी तांबे व बिस्मथ यांचा एक सांधा उकळत्या पाण्याने तापता ठेवला, दुसरा बर्फात ठेवला. उगम स्थिर झाला.

मग सारख्या जाडीच्या, पण निरनिराळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा त्यांनी एकामागून एक जोडल्या. टांगलेली चुंबकसूची मूळ जागी आणण्यास किती पीळ द्यावा लागतो, यावरून प्रवाह मोजला. निष्कर्ष असा निघाला : प्रवाह म्हणजे एका स्थिर राशीस, दुसरी स्थिर राशी अधिक तारेची लांबी, यांनी भागून येणारा भागाकार. पहिली राशी उगमाच्या सामर्थ्याची; दुसरी तार वगळून उरलेल्या परिपथाच्या रोधाची, आणि त्यात उगमही आला. जुना घट व्होल्टमापकावर जवळजवळ पूर्ण दाब दाखवितो, तरीही विजेरीचा दिवा मिणमिणतो. त्याचे कारण या दुसऱ्या राशीत आहे : घटाचा अंतर्गत रोध वाढलेला असतो.

१८२७ मध्ये ओम यांचा ग्रंथ बर्लिन येथे प्रसिद्ध झाला. त्याचे स्वागत थंडपणे झाले. १८२८ मध्ये त्यांनी कोलोनची नोकरी सोडली. १८३३ मध्ये न्यूरेंबर्ग येथे जागा मिळेपर्यंत त्यांचे दिवस ओढग्रस्तीत गेले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना कोप्ले पदक दिले. म्युनिक विद्यापीठातील प्राध्यापकपद १८५२ मध्ये लाभले, तेव्हा ते त्रेसष्ट वर्षांचे होते. १८५४ मध्ये त्यांचे निधन झाले. पुढे १८८१ च्या पॅरिस परिषदेत त्यांच्या नावाचे रोधाचे एकक स्वीकारण्यात आले.

या इतिहासातून मला एक व्यावहारिक बोध मिळतो. ओम यांना हे सूत्र प्रयोगाच्या अखेरीस मिळाले. आपण ते विद्यार्थ्याला आरंभीच देऊन टाकतो. एक घट, एक प्रवाहमापक आणि चार लांबींच्या तारा कोणत्याही शाळेला परवडतील. माजी विद्यार्थ्यांनी आपल्या शाळेसाठी एवढे साहित्य पुरवावे, आणि सूत्र फळ्यावर लिहिण्यापूर्वी शिक्षकांनी ते मुलांच्या हाती द्यावे, एवढीच माझी विनंती आहे.