परातीतलं पाणी

विद्यानगरच्या आमच्या घरी उस्मानिया विद्यापीठाच्या मुली रसायनशास्त्राच्या शंका घेऊन येतात. एका रेणूच्या जाडीचा थर काचेवर बसतो कसा, असं कुणी विचारलं की मी तिला ओट्यापाशी नेते. परातीत पाणी घेते, वर टाल्कम पावडर भुरभुरते आणि शेंगदाण्याच्या तेलात बुडवलेली काडी मधोमध टेकवते. पावडर क्षणात कडेला पळते.

ही विद्या अशाच पाण्यातून निघाली. जर्मनीत ब्राउनश्वाइगला आग्नेस पॉकेल्स घरकाम आणि आईवडिलांची दुखणी सांभाळत होत्या. मुलींना तिथल्या विद्यापीठाची दारं बंद होती. १८८२ च्या सुमारास त्यांनी पत्र्याचं तबक काठोकाठ भरलं आणि वर आडवी पट्टी ठेवून सरकवली. तवंगाची जागा आक्रसत गेली, की एका ठरावीक मर्यादेपासून पृष्ठताण झपाट्याने उतरतो, हे त्यांनी मोजलं. १८९१ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ लॉर्ड रॅले यांनी पॉकेल्सबाईंचं पत्र 'नेचर'मध्ये छापून आणलं. रसायनशास्त्रज्ञ अर्विंग लँगम्युअर यांनी पुढे असंच तबक सुधारून वापरलं. १९३२ चं नोबेल त्यांना मिळालं. त्याच वर्षी ब्राउनश्वाइगने सत्तरीच्या पॉकेल्सबाईंना मानद डॉक्टरेट दिली.

तवंग काचेवर चढवला लँगम्युअर यांच्या सहकारी कॅथरीन ब्लॉजेट यांनी. स्टिअरिक आम्ल या मेदाम्लाच्या रेणूचं डोकं पाण्याला धरून राहतं, शेपटी हवेत उभी असते. पट्टीने रेणू दाटीवाटीने उभे करायचे, पाण्यात थोडा बेरियमचा क्षार घालायचा आणि काच सावकाश खाली-वर न्यायची. दर खेपेला एक थर चढतो, शेपटीला शेपटी आणि डोक्याला डोकं लावून. एका थराची जाडी सुमारे २.४ नॅनोमीटर. असे ४४ थर चढवले की काचेची चकाकी जाते, हे त्यांनी १९३८ मध्ये दाखवलं. काच मात्र निर्मळ हवी. मुलींना मी धुतलेल्या काचेवर बोट टेकवून वर तोंडाची वाफ सोडायला लावते. ठसा उमटतो, त्यातही मेदाम्लं असतात.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकात पाण्याचं तबकच वगळलं. निर्वातात मेदाम्ल तापवून त्याची वाफ पृष्ठावर बसवली, मग तो थर धातूच्या क्षाराच्या द्रावणात बुडवला. आयन आत शिरले आणि विस्कळीत रेणू आपोआप थराथराने लागले. हे मला फार सुंदर वाटतं.

पुस्तकांत तबकाला लँगम्युअरचं नाव आहे. मुलींनो, तुमच्या वहीत ते पॉकेल्सचं तबक म्हणून लिहा.