दाणा आला, सांगावा नाही

माझी आजी सांगोल्याकडची. बहात्तरच्या दुष्काळाचा विषय निघाला की ती पावसाआधी मिलोचं बोलायची. अमेरिकेची ती तांबडी ज्वारी रेशनवर आली, पण ती खायची कशी हे कुणी सांगितलं नाही. मग वावड्या उठल्या : हे डुकरांचं खाणं, यानं पोरं आजारी पडतात. "दाना आला, पन संगं सांगावा न्हाई आला," आजी म्हणायची. भाकरी थापताना मोडायची. शेवटी एका शेजारणीनं पिठाची उकड काढून भाकरी करून दाखवली आणि घरोघरी चुली पेटल्या.

कामाची खबर मात्र नीट पोचली. कोतवालानं हलगी वाजवून दवंडी दिली : पाझर तलाव कुठं, हजेरी कधी, पगार कुठल्या वारी. बायका त्याला वाटेत गाठायच्या, "पोरास्नी सुकडी मिळंल का रं?" ठाऊक नसलं तर तलाठ्याला विचारून तो दुसऱ्या दिवशी उत्तर आणायचा. मे १९७३ मध्ये राज्यभरातल्या दुष्काळी कामांवर ५० लाखांच्या आसपास माणसं होती. त्यातली किती अशा दवंडीवर विसंबून घराबाहेर पडली असतील!

आजोबा आणखी मागं जायचे, आपल्या वडिलांच्या १८९६ च्या दुष्काळापर्यंत. पीक बुडालं तर सारा तहकूब करावा, कामं काढावीत, असं सरकारच्याच फॅमिन कोडात होतं. पण रयतेला त्याचा पत्ता नव्हता. टिळकांनी 'केसरी'तून ते मराठीत उलगडून सांगितलं. पुण्याच्या सार्वजनिक सभेची माणसं गावोगाव जाऊन बजावू लागली : ऐपत नसेल तर साऱ्यापायी घरदार विकू नका. १८९७ मध्ये सरकारनं सभेची मान्यताच काढून घेतली. पणजोबांच्या कानावर हे गेलं तेव्हा त्यांची बैलजोडी बाजारात विकली गेली होती.

आज पावसाचा इशारा आणि पीकविम्याची मुदत मोबाइलवर कळते. त्या संदेशाला उलट प्रश्न विचारता येत नाही. म्हणून टंचाई जाहीर करणाऱ्यांनी एकदा ग्रामसभेत उभं राहावं. काय मिळणार, कुठं मिळणार, ते सांगावं. आणि नाही मिळालं तर दाद कुणाकडे मागायची, हेही न विचारता सांगावं.