निवडक आणि समग्र : प्रतापनगरातलं एक कपाट

बडोद्याला जायचा योग तसा उशिराच आला. मावसबहीण लग्न होऊन तिथे गेली त्याला पंचवीस वर्षं होऊन गेली. दर मे महिन्यात ती माहेरी यायची आणि परत जाताना दरवेळी म्हणायची, "आता तू ये." शेवटी गेलो. तिचं घर प्रतापनगरात आहे. प्रतापनगर म्हणजे बडोद्यातली रेल्वेची वस्ती. पश्चिम रेल्वेचं विभागीय कार्यालय इथेच आहे आणि जवळच लालबागेत प्रतापविलास राजवाडा. १९५२ पासून त्या राजवाड्यात रेल्वेच्या अधिकाऱ्यांना शिकवलं जात आलं आहे. गायकवाडांच्या संस्थानाची स्वतःची रेल्वे होती, अरुंद रुळांची. १८६२ साली डभोई-मियागाव मार्गावर तिचे डबे चक्क बैलांनी ओढले होते. १९४९ मध्ये ती भारतीय रेल्वेत विलीन झाली. तिच्या आठवणी जपणारं छोटेखानी संग्रहालय प्रतापनगरातच आहे.

बहिणीचे सासरे याच रेल्वेतून निवृत्त झालेले. घरात सगळे त्यांना दादा म्हणतात, म्हणून मीही दादाच म्हणू लागलो. घराणं चार पिढ्या बडोद्यात. मराठी अस्खलित, पण मधूनच एखादा गुजराती शब्द सहज डोकावून जातो. त्यांच्या बैठकीच्या खोलीत भिंतभर पुस्तकांचं लोखंडी कपाट आहे आणि प्रत्येक पुस्तकाला वर्तमानपत्राचं वेष्टण. कण्यावर शाईने नाव आणि खंडाचा आकडा. पुस्तकांच्या कपाटासमोर मी उभा राहिलो की मला वेळेचं भान राहत नाही हे घरच्यांना ठाऊक आहे. दादांना ते नवं होतं, पण आवडलेलं दिसलं.

आता आम्हां गोमंतकीयांना बडोदं म्हटलं की एकच नाव आठवतं, धर्मानंद कोसंबी. सांखवाळचा हा माणूस. 'बालबोधमेवा' मासिकात बुद्धाचं चरित्र वाचून वेडावला, १८९९ च्या अखेरीस घर सोडून निघाला आणि पुणे, काशी, नेपाळ, सिलोन असं करत बुद्धाच्या मुळाशी जाऊन पोचला. पुढे कलकत्त्यात पाली शिकवत असताना त्याला महाराष्ट्राची ओढ लागली. महाराष्ट्रात राहून मराठीत लिहायचं तर खायचं काय, हा प्रश्न होता. तो सयाजीराव महाराजांनी सोडवला. तीन वर्षं दरमहा पन्नास रुपये. अट एवढीच की महाराष्ट्रात राहायचं आणि संस्थानासाठी वर्षाला एक पुस्तक लिहून द्यायचं. कोसंबींनी कलकत्त्याची जास्त पगाराची नोकरी सोडून हे पन्नास रुपये पत्करले. बडोद्यात त्यांनी दिलेली व्याख्यानं १९१० साली 'बुद्ध, धर्म आणि संघ' या नावाने पुस्तकरूपात आली. मराठीत बुद्धाविषयी मूळ पालीच्या आधारे बोलणारा माणूस उभा राहिला तो या पन्नास रुपयांच्या बळावर.

हे सगळं मी दादांना मोठ्या अभिमानाने सांगितलं. वर बडोद्याचं कौतुकही केलं. संस्थानभर सक्तीचं मोफत प्राथमिक शिक्षण, १९१० साली अमेरिकेहून विल्यम बॉर्डन यांना आणून उभारलेलं ग्रंथालय खातं, मांडवीजवळचं काचेच्या फरशीचं मध्यवर्ती ग्रंथालय (मांडवी म्हटल्यावर मला उगाच नदी दिसू लागली!), खेड्यापाड्यांत फिरणाऱ्या पुस्तकांच्या पेट्या. पाटणच्या जैन भांडारांतल्या पोथ्या धुंडाळून चिमणलाल दलालांनी सुरू केलेली गायकवाड प्राच्य ग्रंथमाला. तिचा पहिला ग्रंथ, राजशेखराची 'काव्यमीमांसा', १९१६ चा. विखुरलेलं एकत्र करून छापायचं हे व्रत या गावाने घेतलेलं आहे, असं मी म्हणालो.

दादांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग उठून कपाटातून एक जाड खंड काढला. कण्यावर आकडा होता १२. "बडोद्याचं कौतुक करायला आलात, चांगलं झालं," ते म्हणाले. "आता हेही वाचा. हेसुद्धा बडोदंच आहे."

तो खंड होता डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या इंग्रजी लेखन आणि भाषणांचा, महाराष्ट्र शासनाने १९९३ साली काढलेला. त्यात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' नावाचं आठवणींचं छोटं लेखन आहे. हे बाबासाहेबांनी १९३५ च्या आसपास लिहिलं, पण त्यांच्या हयातीत ते प्रसिद्ध झालं नाही. हस्तलिखितच राहिलं. मी ते त्या रात्री प्रतापनगरात, दादांच्याच टेबलावर बसून वाचलं.

बडोदा संस्थानची शिष्यवृत्ती घेऊन बाबासाहेब १९१३ साली अमेरिकेला गेले. शिकून आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची असा करार होता. त्याप्रमाणे सप्टेंबर १९१७ मध्ये ते बडोद्यात आले आणि अकौंटंट जनरलच्या कचेरीत उमेदवार म्हणून रुजू झाले. राहायला जागा मिळेना. हिंदू खाणावळीत प्रवेश नाही, म्हणून ते पारशी लोकांच्या पथिकाश्रमात पारशी नाव सांगून राहिले. वर एकच लहानशी खोली, बाकी अडगळीने भरलेलं अंधारं दालन, सोबतीला एक कंदील. सरकारी बंगला मिळावा म्हणून दिवाणांकडे अर्ज केला होता, तो एका फायलीतून दुसऱ्या फायलीत फिरत राहिला. अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेतलेला पारशी जमाव दारात उभा राहिला. संध्याकाळपर्यंत खोली सोड, असा हुकूम. मग ते ओळखीच्या दोघांकडे गेले. एक हिंदू, त्याने नोकर निघून जातील म्हणून हात जोडले. दुसरा ख्रिस्ती, तो म्हणाला बायको उद्या यायची आहे, तिला विचारून सांगतो. नंतर बाबासाहेबांना कळलं ते असं, की ते जोडपं मूळच्या ब्राह्मण घराण्यातलं. धर्म बदलला, पण बाईंचं सोवळं काही सुटलं नव्हतं.

हे वाचताना मी पुस्तक मिटून थोडा वेळ तसाच बसलो. वाचकहो, तुम्ही गोव्याचे आहात. धर्म बदलूनही जात न सुटणं म्हणजे काय हे तुम्हांला वेगळं समजावून सांगायला नको.

शेवटी मुंबईची गाडी रात्रीची होती म्हणून बाबासाहेब कामाटी बागेत जाऊन बसले. आज तिथे संकल्पभूमी आहे आणि २३ सप्टेंबरला तिथे लोक मोठ्या संख्येने जमतात. वडाखाली केलेल्या संकल्पाची स्मृती लोकांनी जपली आहे. त्या लेखात मात्र संकल्पाची भाषा नाही. आहे ती फक्त अंधार पडेपर्यंत बागेत बसून राहिलेल्या, परदेशी पदव्या घेतलेल्या एका तरुणाची रितेपणाची आणि दुःखाची आठवण.

सकाळी चहा पिताना दादा म्हणाले, "महाराजांनी पैसे दिले हे खरं. गावाने खोली दिली नाही हेही खरं. शाळेत असताना आम्हांला पहिलंच शिकवलं. दुसरं या खंडात छापलं म्हणून मला कळलं, तेही नोकरी संपत आल्यावर."

दादांच्या या बोलण्यावर मी परतीच्या प्रवासभर विचार करत होतो. आपल्याकडे मोठ्या माणसाचं लेखन दोन तऱ्हांनी छापलं जातं. एक 'निवडक' आणि दुसरं 'समग्र'. निवडक हाताशी सोपं, खिशाला परवडणारं. पण निवडणारा कोण, त्याला काय आवडतं, कोणाला दुखवायचं नाही, यावर ते ठरतं. समग्र वाङ्मय जाडजूड, कंटाळवाणं, पुनरुक्तीने भरलेलं. पण त्यात कुणाच्या सोयीने काही गळत नाही. निदान गळू नये अशी अपेक्षा असते. बडोद्याच्या गौरवग्रंथासाठी कुणी आंबेडकर 'निवडले' असते तर शिष्यवृत्ती आली असती, काठ्या आल्या नसत्या.

आणि समग्र आपोआप होत नाही. महात्मा फुल्यांचं समग्र वाङ्मय धनंजय कीर आणि स. गं. मालशे यांनी १९६९ साली सिद्ध केलं. फुले गेले त्याला तोवर एकोणऐंशी वर्षं झाली होती. बाबासाहेबांचा पहिला खंड आला १९७९ मध्ये. त्यांच्या पश्चात पेट्यांमध्ये पडून राहिलेले कागद वसंत मून यांनी मिळवले, लावले, पानापानाने जुळवले आणि २००२ साली मृत्यू येईपर्यंत तेच काम केलं. खंडांची संख्या पुढे विसाच्या वर गेली. तरीही २०२१ मध्ये या खंडांची छपाई रखडल्याची बातमी वाचून मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून दखल घ्यावी लागली. खुद्द सयाजीरावांची भाषणं, पत्रं आणि चरित्राची साधनं खंडशः छापायला समिती नेमली तीही महाराष्ट्र शासनाने, बाबा भांड यांच्यासारख्यांच्या पाठपुराव्यामुळे, महाराजांच्या निधनानंतर पाऊणशेहून अधिक वर्षांनी.

आता पुन्हा आमच्या कोसंबींकडे. 'निवेदन' हे त्यांचं आत्मकथन. ज. स. सुखठणकरांनी ते आणि उरलेलं चरित्र एकत्र करून १९७६ मध्ये, जन्मशताब्दीच्या वर्षी, गोवा हिंदू असोसिएशनतर्फे 'धर्मानंद' ग्रंथ काढला. नात मीरा कोसंबी यांनी २०१० मध्ये आजोबांच्या महत्त्वाच्या लेखनाचा इंग्रजी संग्रह केला. आपण सभांमधून सांगतो ती ज्ञानासाठी घर सोडण्याची गोष्ट. पण घर सोडताना मागे तरुण पत्नी आणि तान्ही मुलगी होती, हे आपण घाईने उरकतो. कोसंबींनी स्वतः ते लपवलेलं नाही. तसंच 'भगवान बुद्ध' या ग्रंथाचं. त्यातल्या मांसाहारावरच्या प्रकरणावर जैन समाजातून मोठा आक्षेप आला. एखाद्या निवडक संग्रहात ते प्रकरण कोण घेईल?

शिवाय समग्राची एक गंमत आहे. दोन माणसांचे खंड एकाच कपाटात शेजारी ठेवले की ते एकमेकांशी बोलू लागतात. बुद्धाने घर सोडलं ते म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून नव्हे, तर शाक्य आणि कोलिय यांच्यातल्या झगड्याला कंटाळून, असा तर्क कोसंबींनी मांडला. १९५७ मध्ये, बाबासाहेबांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही रोहिणी नदीच्या पाण्यावरचा तोच शाक्य-कोलिय तंटा गृहत्यागाचं कारण ठरतो. एक सांखवाळचा सारस्वत, एक महू छावणीत जन्मलेला महार सुभेदाराचा मुलगा. दोघांनाही बडोद्याचे रुपये मिळाले. एकाला बडोद्यात व्यासपीठ मिळालं, दुसऱ्याला खोली मिळाली नाही. दोघेही बुद्धाकडे गेले. दादांच्या कपाटात 'धर्मानंद' आणि खंड १२ यांच्यामध्ये जेमतेम वीतभर अंतर होतं.

आता एक कबुली देतो आणि थांबतो. काही वर्षांपूर्वी आमच्या भागातल्या एका दिवंगत लेखकाच्या स्मरणिकेसाठी त्यांचे लेख निवडायचं काम माझ्याकडे आलं होतं. त्यांचा एक लेख गावातल्या देवळात कुणाला कुठपर्यंत येऊ देत आणि कुणाला नाही, याविषयीचा होता. लेख चांगला होता. पण समितीत देवळाचे महाजन होते, देणग्याही त्यांच्याकडूनच यायच्या होत्या. मी तो वगळला. कुणी सांगितलं नव्हतं, मीच वगळला. स्मरणिका देखणी झाली, सर्वांनी पाठ थोपटली.

बडोद्याहून परतल्यावर दुसऱ्याच दिवशी माळ्यावर चढलो. त्या लेखाचं कात्रण एका जुन्या पिशवीत सापडलं. कडा वाळवीने खाल्ल्या आहेत, शेवटच्या चार ओळी अर्धवट आहेत. लेखकाच्या मुलाला फोन केला. तो म्हणाला, "बाबांचे बाकीचे कागद घर दुरुस्त केलं तेव्हा रद्दीत गेले. तुमच्याकडे आहे तेवढंच."

ते कात्रण मी टाइप करायला घेतलं आहे. तुमच्या घरी माळ्यावर कुणाची वही, पत्रं, जुनी मासिकं असतील तर पावसाळ्याआधी एकदा बघून घ्या. आणि बघताना निवडत बसू नका.